मले जुनाच लॅपटॉप पाहिजे होता

सणाच्या तोंडावर सुनेनं नवी वस्तू नको, जुनीच द्या म्हटलं की घरात काय होतं, ते मला विचारा. मी जुना लॅपटॉप मागितला होता. कोणीतरी चार-पाच वर्षं वापरून विकायला काढलेला, जाडजूड, काळा, कोपरे झिजलेला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडं पाहत राहिल्या. "काहून व? आपल्या घरी काय दुष्काळ पडला?"

माझं माहेर यवतमाळचं. वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. घरात मातीचं म्हणाल तर तुळशीच्या कुंडीत होती तेवढीच. सासर फुलसावंगीच्या बाजूला, कापूस-सोयाबीन-तुरीचं, खाऊनपिऊन सुखी. लग्नात कपाट आलं, भांडी आली, ती सगळ्यांनी पाहिली. माझा आधीचा लॅपटॉप मी साड्यांच्या घड्यांत ठेवून आणला होता.

त्या लॅपटॉपात जे होतं त्याबद्दल सांगते, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. कॉम्प्युटर चालू केला की समोर जे येतं आणि ज्याच्या भरवशावर बाकी सगळं चालतं, ती ऑपरेटिंग सिस्टिम. बहुतेक लोकांकडं एकाच कंपनीची असते. माझ्याकडं वेगळी होती. तिला कंपनी नाही. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून, पगारबिगार न घेता ती बनवतात. नाव सांगत नाही, सांगूनही कोणी ऐकलेलं नसतं. कॉलेजात होते तेव्हा बाबांनी लिलावात घेतलेल्या एका मरतुकड्या मशीनवर मी ती टाकली, कारण त्या मशीनला दुसरं काही पेलत नव्हतं. आणि ती अशी पळाली की मी वेडीच झाले. सासरी सगळे तिला 'हिचं ते दुसरं' म्हणायचे. दुपारी कामं आटोपून मी लॅपटॉप उघडला की जाऊबाई पदरात तोंड लपवून म्हणायच्या, "चालली का आपल्या दुसऱ्या घरोब्याले?" मी म्हणायचे, "हो, तिथं भाकरी थापा लागत नाही."

त्या सिस्टिमची मराठी मी करत होते. एकटी. माझ्या आधी कोणीतरी थोडीफार करून सोडून दिली होती. फाइल पुसायला गेलं की ती विचारायची, 'आपणांस याविषयी खात्री आहे काय?' अरे बाबा, फाइल पुसायची आहे, कोर्टात साक्ष द्यायची नाही! मी तिथं 'नक्की ना?' असं केलं. असे हजारो शब्द, एकेक हाताखालून घातलेला. आणि खरं दुखणं वेगळंच होतं. 'ऱ्य' हे अक्षर त्या सिस्टिममध्ये तुटून पडायचं. हिंदीवाल्यांना त्याचं सोयरसुतक नाही, त्यांना ते लागतच नाही. 'शेतकऱ्याचं', 'दुसऱ्याचं', 'बिचाऱ्या', हे आपलंच. मी महिनोन्महिने त्या एका अक्षराच्या मागं लागले आणि शेवटी ते जागेवर बसवलं. ज्या दुपारी पडद्यावर 'शेतकऱ्याचं' सरळ उमटलं, त्या दुपारी मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

कुठल्याशा बर्फाच्या देशातला एक माणूस सगळ्या भाषांचं काम एकत्र करायचा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. मी कोणाची सून, कोणाची बायको, त्याला काही माहीत नव्हतं. मराठीचं काही अडलं की तो मला विचारायचा आणि मी सांगेन ते धरायचा. या घरात आल्यापासून मी सांगेन ते धरणारा तोच एक. नवी आवृत्ती निघायची होती आणि तिच्यात मराठी पहिल्यांदा पूर्ण जाणार होती. सगळं तयार होतं. एकदा सलग बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचं आणि पाठवायचं, एवढंच उरलं होतं. अर्धवट माल पाठवायची मला सवय नाही.

पण लॅपटॉप दगा द्यायला लागला. आमच्याकडं कापूस घरात आला की माणसं ओसरीत आणि कापूस खोलीत. त्याचे बारीक धागे लॅपटॉपच्या पंख्यात गेले. मी साफ करायचे, पुन्हा जायचे. अर्ध्या तासात तो तव्यासारखा तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. झाकणाचं बिजागर तुटलं होतं, पडदा भिंतीला टेकवून बसावं लागे. सलग तपासणी त्याच्यावर होणारच नव्हती.

म्हणून मी जुना मागितला. लॅपटॉपमधल्या प्रत्येक भागाला, वायफायला, आवाजाला, बोट फिरवायच्या पाटीला, चालवणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपन्या तो फक्त मोठ्या सिस्टिमसाठी बनवतात. आमच्यासारख्यांसाठी कोणीतरी हौशी माणूस डोकं फोडून बनवतो, त्याला वर्षं लागतात. तेव्हा मशीन जितकं नवं तितकं आमच्या कामाचं कमी. मी हे नवऱ्याला समजावून सांगितलं तर तो हसून लोटपोट. "अवं, इथं ट्रॅक्टरले ड्रायव्हर भेटून नाही राह्यला, तुले लॅपटॉपले पाहिजे!" मग मी त्याच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, "तुम्ही नांगराले गोऱ्हा जुपता का? शिकलेला बैलच पाहता ना? तसंच आहे हे." तेव्हा त्यानं मान हलवली. मला वाटलं, समजलं.

कुठल्या मशीनवर आमची सिस्टिम नीट चालते, हे वापरणारे लोक एकमेकांना इंटरनेटवर सांगून ठेवतात. ते वाचून वाचून मी एक मॉडेल पक्कं केलं. वायफाय चालतं, आवाज येतो, झोपवलेलं मशीन उठतं. पुसदला एका दुकानात ऑफिसातून निघालेले लॅपटॉप ढिगानं येतात असं कळलं, फोन केला, तर तेच मॉडेल त्याच्याकडं पडून होतं. "ठेवतो बाजूला म्हणे," मी नवऱ्याला सांगितलं. त्या दिवशी मी गाणं म्हणत पोळ्या केल्या.

दसऱ्याच्या आधी पुसदला जायचं ठरलं. मी, नवरा आणि जळालेल्या मोटारपंपाची गुंडाळी भरून आणायला भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. मी साडी नेसून तयार, आणि दारात सोयाबीनचं थ्रेशर येऊन उभं. माणसांचा स्वयंपाक आला. भासरे जीपमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "तिले कायले नेतं? दुकानात बाईमाणसाचं काय काम? लिहून घे, आणून टाकू." नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि गाडीला चावी मारली.

मी धावत जाऊन लॅपटॉपची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याला दोनच गोष्टी सांगितल्या, लहान लेकराला सांगावं तशा. पिशवीच्या खिशात पेन ड्राइव्ह आहे. तिच्यात आमची सिस्टिम आहे आणि माझ्या कामाची नक्कल आहे. दुकानातलं मशीन बंद करायचं, ही लावायची आणि तिच्यावरून चालू करायचं. वायफाय दिसलं की घ्यायचं. आणि घेतल्यावर माझ्या जुन्यातली डिस्क काढून त्याच्यात बसवून आणायची, म्हणजे माझं सगळं जसंच्या तसं येईल. तो म्हणाला, "हो व, समजलं." आज कोणी विचारतं, दोन्ही एकाच पिशवीत कशाला दिलंस? अहो, नवरा चालला होता, चोर नव्हता चालला!

दुपारी दुकानातून त्याचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. मी म्हटलं, "तेच मॉडेल आहे ना? माझं ते त्याच्यावर चालते का, विचारा."

त्यानं विचारलं, मला ऐकू आलं. "भाऊ, हे चालते का?"

दुकानदार म्हणाला, "लय चालते! सध्या हेच चालून राह्यलं. कालपासून किती गेले."

"वायफाय?"

"पळते!"

"पेन ड्राइव्ह लावून पाहा ना," मी ओरडले. मागं थ्रेशरचा धुमाकूळ चालला होता.

"लावली, लावली. लाइट लागला तिचा. सगळं चालते, तू काळजी नको करू."

आणि मी काळजी सोडली. चालते! आपल्या बाजारात चालते म्हणजे खपते, हे मला काय ठाऊक नव्हतं? बियाणं चालते, साडी चालते, पुढारी चालतो. पण त्या क्षणी मला तो शब्द माझ्याच अर्थानं ऐकू आला. मी थ्रेशरवाल्यांना वाढताना दोनदा भाजी जास्त घातली.

दिवेलागणीला जीप आली. डबा चकचकीत, कोरा, पातळ. चांदीच्या रंगाचा लॅपटॉप, त्याच वर्षी बाजारात आलेला. मी म्हटलं, "हे काय?" नवरा छाती काढून म्हणाला, "म्या म्हटलं, आपल्या बायकोले काय जुनं घेऊन द्या? लोक काय म्हणतील? दुकानदार म्हणे, हा घ्या, याच्यापुढं काहीच नाही." भासरे म्हणाले, "घराची इज्जत असते." आत्याबाईंनी माझ्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली. "पाय व माय, नशीब लागते असा नवरा भेटाले." जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांना कधी कोणी काही आणून दिलं नव्हतं. त्यांचं तोंड पाहून मी हसले. हसावं लागलं.

मग मी विचारलं, "माझा जुना?"

"तो देल्ला ना एक्सचेंजमध्ये."

"डिस्क काढून?"

"कायची डिस्क? दुकानदारानं चालू करून पाह्यला तर नेहमीचं काहीच नाही, भलतंच काही तरी आलं. म्हणे, याले व्हायरस लागला. तरी त्यानं ठेवून घेतला, ओळखीचा आहे म्हणून."

मी हात पुढं केला. "पेन ड्राइव्ह?"

ती त्यानं खिशातून काढून माझ्या हातात ठेवली. "ही पाह्य. हिच्यात काही गडबड होती. दुकानातल्या मशीनले लावली तर ते म्हणे, हे वाचता येत नाही, साफ करून घेऊ का? तं दुकानदारानं साफ करून देली. अन् रिकामी कायले न्यायची, म्हणून त्यानं फुकटात पिक्चर भरून देले. सात-आठ आहेत. आईसाठी देवाचाही एक आहे."

नुसती पुसली असती तर मी त्यातून काहीबाही परत काढलं असतं, तेवढं मला येतं. पण वर पिक्चर भरले होते, गळ्यापर्यंत. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ते कालच साफ केलं. नवीन सिस्टिम टाकून देली त्याच्यात, एकदम मस्त चालून राह्यलं. तुमचं त्याच्यात होतं काय? काहीच तं नव्हतं." आणि मी बाजूला ठेवायला सांगितलेला तो काळा? "तो होय? तो पडूनच आहे. तुमचे मिस्टर त्याच्याकडं पाहेच नाही."

त्या दिवशी दसरा. आमच्याकडं अवजारांची पूजा होते. विळे, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, भरून आणलेली मोटार, आणि त्यांच्या शेजारी पाटावर चांदीच्या रंगाचा लॅपटॉप. त्याच्या झाकणावर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. आत्याबाईंनी मलाच ओवाळायला लावलं. मी ओवाळलं. नवरा मोबाइलवर फोटो काढत होता.

खोलीत गेल्यावर मात्र मी सोडलं नाही त्याला. म्हटलं, "माझी सगळी मराठी त्यात होती. दोन वर्षांची. तुम्ही विकून आले!" तो म्हणाला, "मराठी कायची विकते? मराठी तं आपण बोलूनच राह्यलो." मी म्हटलं, "तुमच्या उभ्या पिकात कोणी ढोरं घातली असती तर तुम्ही त्याचे हातपाय मोडले असते. माझ्या पिकात तुम्ही घातली." तर त्याचाही पारा चढला. "महागातलं आणलं तरी इचं तोंड वाकडंच! जुनं आणलं असतं तं माहेरी सांगत सुटली असती, सासरच्यांनी भंगार देल्लं म्हणून." मी म्हटलं, "मी भंगारच मागितलं होतं! तोंडानं मागितलं होतं!" आत्याबाई बाहेरून ओरडल्या, "सणासुदीले कायले रडू राह्यली व?" जगात काही नवरे दारू पिऊन मारतात. माझ्यानं छाती काढून महागाची वस्तू आणून मारलं. त्याची तक्रार कुठं करायची? पोलीसपाटलाकडं?

तरी मी नव्या लॅपटॉपवर प्रयत्न केला. मोबाइलवरून सिस्टिम पुन्हा उतरवून घेतली, त्या पेन ड्राइव्हवरचे पिक्चर पुसले, तिच्यावरून चालू केलं. चित्र आलं, पण पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं. वायफाय नाही, आवाज नाही. पाटीवर बोट घासून घासून झिजलं तरी बाण जागचा हलेना. नवऱ्यानं पाहिलं आणि हातातून ओढूनच घेतला. "वॉरंटी जाईल! हात नको लावू त्याले!"

बर्फाच्या देशातल्या माणसाला मी मोबाइलवरून लिहिलं, सगळं गेलं. कसं गेलं ते काही लिहिता आलं नाही. 'नवऱ्यानं प्रेमानं घालवलं' हे त्याच्या भाषेत कसं लिहायचं? त्याचं साधं, चांगलं उत्तर आलं. वाईट वाटलं, दुसरं मशीन मिळेल तेव्हा सांगा, आणि सोबत चालणाऱ्या चार मॉडेलांची नावं. त्यात तो पुसदचा काळाही होता. मी फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

दुसरं मशीन! घरात कोराकरकरीत लॅपटॉप असताना जुना कोणत्या तोंडानं मागणार? एकदा धीर करून विषय काढला, तर जाऊबाईच म्हणाल्या, "एक आहे न घरात. अजून कायले?" त्यांचंही बरोबर. माहेरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "जावईबापूंनी इतकं हौसेनं आणलं, तू बोलून दाखवू नको." पुढं नवी आवृत्ती निघाली. मी मोबाइलवर पाहिलं. ज्या भाषांचं काम पुरं नाही, त्या तिच्यात दाखवतच नाहीत. मराठी कुठंच नव्हती. आपल्या शेजारच्या दोन-तीन भाषा होत्या. मी वरून खाली, खालून वर पाहिलं आणि मग दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून उठले.

लॅपटॉप हळूहळू नवऱ्याचा झाला. मी त्याच्याकडं फिरकत नव्हते, चिडूनच, आणि त्याला वाटलं मला जमत नाही. तो आधी पिक्चर पाहायला लागला, मग सोयाबीनचे भाव, मग गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागला. लोक त्याला बोलवायला येतात. बैठकीत टेबलावर लॅपटॉप, त्याच्यावर जाऊबाईंनी विणलेला रुमाल.

परवा आत्याबाईंची बहीण आली होती, तिच्या सुनेसह. सून शिकलेली, चौकस. रुमाल वर करून मला म्हणाली, "वहिनी, हा तुमचा का?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. मी बोलायच्या आत नवरा म्हणाला, "इच्यासाठीच घेतला होता दसऱ्याले. पण इले काही जमलाच नाही. रडे बिचारी. शेवटी मीच शिकलो." सगळे हसले, वाईट कोणीच हसलं नाही. ती सून माझ्याकडं पाहून समजूतदारपणे म्हणाली, "होतं असं सुरुवातीला."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी आधी ट्रे खाली ठेवला. तेवढ्यात आत्याबाईंनी माझा हात धरून मला आपल्याजवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला इतक्या मायेनं कधी जवळ घेतलं नव्हतं.

"शिकून घे न व माय," त्या म्हणाल्या. "काही कठीण नसते. त्याले आलं, तं तुले नाही येणार?"

मी म्हटलं, "शिकीन."